इच्छापूर्तीचं जादूचं चित्रपुस्तक लहान मुलांसोबत कसं वाचावं

इच्छा पूर्ण करणाऱ्या जादूचं पुस्तक हाती आलं की मोठ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "मग तू काय मागशील?" तिसरं पान उलटायच्या आत हा प्रश्न आला की पुस्तक तिथंच संपतं. एक मूल "सायकल" म्हणतं, लगेच सगळ्यांना सायकलच पाहिजे असते. गोष्टीतल्या मुलीचं पुढे काय झालं, याच्याशी मग कुणाला देणंघेणं उरत नाही. म्हणून या पुस्तकांपुरता एक क्रम पाळा. आधी चित्रं, मग गोष्टीतल्या मुलीची इच्छा, आणि समोर बसलेल्या मुलांच्या इच्छा सगळ्यात शेवटी, शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पुढे जे काही सांगितलं आहे ते या क्रमाभोवतीच आहे.

हे सगळं तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. घरी आजी नातीला जवळ घेऊन वाचत असो की अंगणवाडीत ताई दहा-बारा मुलांसमोर बसलेली असो, बहुतेक गोष्टी दोन्हीकडे चालतात. नमुन्यासाठी एक मनातलं पुस्तक धरून चालू. राणू नावाच्या मुलीला जत्रेत एक लाल पिपाणी मिळते. ती फुंकली की मनातलं खरं होतं. राणू आधी बर्फाचा गोळा मागते, तो घराएवढा मिळतो. मग रात्रभर रडणाऱ्या धाकट्या भावानं गप्प व्हावं असं मागते, आणि तो असा गप्प होतो की हसतसुद्धा नाही. तिसऱ्यांदा ती पिपाणी फुंकते ती त्याचं रडणं परत यावं म्हणून.

पुस्तक निवडताना

दुकानात उभ्या-उभ्या एकही ओळ न वाचता फक्त चित्रं पाहत शेवटच्या पानापर्यंत जा. अर्धीअधिक गोष्ट कळली तर पुस्तक कामाचं. इच्छांच्या गोष्टीत शब्द "आणि काय आश्चर्य!" एवढं म्हणून मोकळे होतात, आश्चर्य दाखवायचं काम चित्राचं असतं. ओळीत जे लिहिलंय तेवढंच चित्रात असेल तर मुलाला शोधायला काही उरत नाही.

मग हे पाहा, की इच्छा मागितली ते पान आणि ती पूर्ण झाली ते पान एकाच जोडपानावर (पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन पानांवर) आहे, की मध्ये पान उलटावं लागतं? पान उलटण्यात या पुस्तकांचा अर्धा जीव आहे. छपाई सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यात होते, म्हणून चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात. शीर्षक वगैरे सोडलं की बारा-चौदा जोडपानं उरतात. त्यांत जादूच्या ठिकाणी तीन-चार वेळा तरी पान उलटावं लागत असेल असं पुस्तक घ्या. मागणं डावीकडे आणि मिळणं उजवीकडे छापलं असेल तर मुलांच्या नजरा आधीच उजवीकडे गेलेल्या असतात, तुम्ही वाचताय काय नि ती पाहतायत काय.

मजकुराचं प्रमाण वयावर. तीन वर्षांच्या मुलाला पानावर एक-दोन ओळी पुरतात. पाच वर्षांच्याला चार-पाच चालतात. एका पानावर पन्नासहून जास्त शब्द आले की लहान मुलं पान उलटायला हात पुढे करतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

शेवट मात्र नीट तपासा. "हावरट मुलाला चांगली अद्दल घडली" अशा शेवटाची पुस्तकं तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी आम्ही सुचवत नाही. या वयात मागणं म्हणजे हाव नसते. एकदा अद्दल ऐकली की मूल पुढच्या वेळी स्वतःची इच्छा सांगायलाच धजत नाही, किंवा मोठ्यांना आवडेल ते "मला काहीच नको" म्हणून टाकतं. राणूच्या गोष्टीतही पंचाईत होते, पण तिला कुणी शिक्षा करत नाही. तिला स्वतःलाच काहीतरी सलतं आणि ती ते दुरुस्त करते. हा फरक मोठा आहे. तसंच इच्छेनं मेलेलं माणूस परत येतं किंवा मोठा आजार बरा होतो अशी गोष्ट समूहात वाचू नका. कुठल्या मुलाच्या घरी काय चाललंय हे आपल्याला सगळं ठाऊक नसतं.

मराठीत चित्रपुस्तकं पाहायची तर नॅशनल बुक ट्रस्टचं नेहरू बाल पुस्तकालय, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांच्या याद्या आधी चाळा. नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) दुकानात "लहान मुलांची पुस्तकं" एवढंच म्हटलं तर अंकलिपी आणि रंगवायच्या वह्या पुढे येतात. प्रकाशकाचं नाव घेऊन मागा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत बरीच पुस्तकं मोफत आहेत, आणि त्यांचा परवाना छापून वाटायला मोकळीक देतो. छापताना साध्या झेरॉक्सच्या कागदावर छापू नका, मागच्या पानाचं चित्र पुढे दिसतं आणि जादू आधीच फुटते. १३० ते १७० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जाड) कागद, आडवा ए-फोर, एकाच बाजूला छपाई आणि स्पायरल बांधणी करा. पान उलटल्यावर उलटलेली बाजू कोरी दिसते, पण रहस्य टिकतं.

मोबाइलवर वाचायचं तर एका मुलासोबतच. फोन आडवा धरा, विमान मोड लावा, स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा. पिपाणी फुंकायच्या नेमक्या क्षणी स्क्रीन काळी झाली की मूल म्हणतं, "जादूनं अंधार केला," आणि ती गोष्ट पुढे काही केल्या मूळ रुळावर येत नाही.

आधी एकट्यानं वाचा

पुस्तक मुलांसमोर नेण्याआधी एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं वाचा. मोठ्यानं वाचताना घड्याळ लावा. तीन वर्षांच्यांसाठी सात ते दहा मिनिटं, पाच वर्षांच्यांसाठी पंधरा, सहा-सातच्यांसाठी वीस मिनिटं ही ढोबळ मर्यादा आहे. मुलांसमोर हाच वेळ जवळपास दुप्पट होतो, कारण ती मध्ये बोलतात. वाचन एकट्यालाच बारा मिनिटं लागत असेल तर तीन वर्षांच्यांसाठी गोष्ट दोन दिवसांत वाटून घ्या. पहिला दिवस दुसऱ्या इच्छेआधी थांबवा.

जादूचा आवाज ठरवून ठेवा. पुस्तकात "पीऽऽप्" लिहिलंय तर तुमचं "पीऽऽप्" दर वेळी तेच, तेवढंच लांब आणि त्याच सुरात यायला हवं. मुलं त्याच्यावरच पुढचा प्रसंग ओळखतात. मंत्र असेल तर तो जिभेवर बसेपर्यंत म्हणून पाहा. आवाजाबरोबर एकच हातवारा ठेवा, दोन नकोत, नाहीतर पुस्तक हलतं.

पुस्तक इंग्रजी असेल, आणि नागपुरातल्या घरांत भेट आलेली बरीच पुस्तकं इंग्रजी असतात, तर ऐनवेळी भाषांतर करत बसू नका. ऐनवेळी केलेलं मराठी लांबतं, क्रियापदं अडखळतात आणि मंत्राची लय मोडते. चिकटचिठ्ठ्यांवर मराठी ओळी लिहून त्या त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात लावा, प्रत्येक चिठ्ठीवर दोन ओळींपेक्षा जास्त नको. चित्रावर चिकटवू नका, काढताना रंग उचलला जातो. यमक जुळत नसेल तर यमक सोडा, ताल सोडू नका.

भाषेचं आणखी एक. पुस्तकात "हवंय" लिहिलेलं असतं, आपल्याकडची मुलं "पाहिजे" म्हणतात, काही घरांत "मले पायजे" असतं, काही घरांत हिंदी किंवा छत्तीसगढी. पुस्तकातली ओळ जशी आहे तशी वाचा. पण त्यावरचं बोलणं मुलाच्या घरच्या बोलीतच होऊ द्या. मूल म्हणालं, "मले बी पिपाणी पायजे," तर "मला म्हण" असं दुरुस्त करायचं नाही. इच्छा सांगणाऱ्याचं व्याकरण तपासलं की तो दुसऱ्यांदा सांगत नाही.

जागा, उजेड आणि कूलर

उजेड मुलांच्या पाठीमागून यावा आणि पुस्तकावर पडावा. खिडकी वाचणाऱ्याच्या मागे असेल तर पुस्तक काळं दिसतं आणि मुलं डोळे बारीक करतात. गुळगुळीत आर्ट पेपरवर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी उमटते. ती घालवायला पुस्तकाचा वरचा काठ थोडा मुलांकडे झुकवा आणि समोरून कुणाला तरी "दिसतंय का?" विचारा. स्वतःला दिसतं म्हणून मुलांना दिसत असेल असं धरू नका.

साध्या आकाराचं पुस्तक आठ-दहा मुलांना पुरतं. शेवटचं मूल पुस्तकापासून पाच फुटांच्या आत असावं. सतरंजीवर मुलांना अर्धगोलात बसवा आणि स्वतः बुटक्या स्टुलावर बसा, म्हणजे पुस्तक मुलांच्या नजरेच्या किंचित वर येतं. सगळेच खाली बसलात तर पुढच्याच्या डोक्यानं मागच्याची जादू झाकली जाते, आणि मागचा उभा राहतो. वीस मुलं असतील तर दोन गट करून दोनदा वाचा. दुसऱ्या गटाला तोवर खडू द्या किंवा मदतनीस ताईंसोबत बाहेर पाठवा. एकदाच सगळ्यांना उरकण्याचा मोह फार होतो, पण मागच्या रांगेला फक्त आवाज ऐकू येतो.

पुस्तक खालच्या काठाला, बांधणीच्या मधोमध एका हातात धरा. दुसरा हात पान उलटण्यासाठी मोकळा. अंगठा चित्रावर येत नाही ना पाहा. घरी एकाच मुलासोबत असाल तर त्याला मांडीवर किंवा कुशीत घ्या आणि पुस्तक त्याच्या हातात द्या. पान तोच उलटेल.

एप्रिल-मेमध्ये दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते आणि विदर्भातल्या शाळाही सहसा जूनच्या शेवटच्या आठवड्यातच उघडतात. म्हणजे वाचायला वेळ भरपूर. अडचण कूलरची. त्याच्या आवाजात हळू वाचलेली ओळ जाते, आणि जादूच्या गोष्टीत हळू आवाजच महत्त्वाचा असतो. खोली आधी गार करून घ्या आणि वाचनापुरता पंखा कमीवर ठेवा. मुलांची पाठ कूलरकडे, तुमचं तोंड मुलांकडे. हवेचा झोत पुस्तकावर आला तर पानं आपोआप उलटतात. वाचून झालं की पुस्तक कूलरच्या झोतात ठेवू नका. दमट हवेनं पानं लाटांसारखी वाकतात, आणि तीन वर्षांखालच्यांसाठी जाड पुठ्ठ्याची जी पुस्तकं असतात त्यांचे थर कडेपासून सुटतात.

पहिलं वाचन

पहिल्या वाचनात प्रश्न विचारायचे नाहीत. एवढं जमलं तरी पुष्कळ. मुखपृष्ठ दाखवा, नाव वाचा, "ही राणू" एवढं सांगा. मुखपृष्ठाच्या आतली रंगीत पानं सोडू नका. पुष्कळ चित्रकार तिथं गोष्टीची खूण ठेवतात, एखादी पिपाणी किंवा जत्रेतले पाळणे. शेवटच्या आतल्या पानावर ते बदललेलंही असतं.

आता जादूचं पान. राणूनं पिपाणी ओठांना लावली आहे, डोळे मिटलेत. ओळ वाचा. थांबा. मनात एक ते तीन मोजा. मोजताना मुलांकडे पाहू नका, पानाकडे पाहा, म्हणजे तीही पानाकडेच पाहतील. मग पानाचा उजवा वरचा कोपरा चिमटीत धरा आणि बोटभर उचला. इथे मुलांचा श्वास थांबल्यासारखा होतो. कुणीतरी पुढे सरकतं. तेव्हाच "पीऽऽप्" आणि पान एकाच ओढीत उलटा. पुढच्या जोडपानावरची ओळ लगेच वाचू नका. घराएवढा गोळा दिसू द्या, त्याच्या पायथ्याशी मांजर गारठलेली आहे ती कुणाला तरी सापडू द्या, हसू ओसरू द्या. मग वाचा. अर्ध्या मिनिटाचा हा सगळा खेळ. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मोठ्यांना शांततेची धास्ती वाटते आणि ते पान उलटायच्या आधीच "आता बघा हं काय होतं, केवढा मोठा गोळा येतो!" सांगून टाकतात.

दुसऱ्या इच्छेच्या वेळी मुलं आवाज स्वतः काढायला लागतात. काढू द्या. पण कोपरा उचलला की आवाज, त्याआधी नाही, हे एकदा खुणेनं दाखवा. सगळ्यांनी मिळून केलेलं "पीऽऽप्" आणि पान उलटणं जुळलं की समूह एकदम गोष्टीत उतरतो. खरी पिपाणी मात्र आणू नका. एक आणली तर उष्टी होते आणि भांडणं लागतात, प्रत्येकाला दिली तर गोष्ट ऐकू येत नाही.

मध्येच कुणी म्हणालं, "माझ्याकडे पण अशी आहे," तर मान हलवा, "हो?" म्हणा, पुढे जा. तासभराची गोष्ट सुरू झाली तर, "ते वाचून झाल्यावर मला सांग, मी विसरणार नाही," असं म्हणा, आणि खरंच विसरू नका.

शेवटचं पान संपलं की पुस्तक मिटा आणि मागचं मुखपृष्ठ दाखवा. "यावरून काय शिकलो?" विचारू नका. मुलं "लोभ करू नये" म्हणतील, कारण मोठ्यांना ते ऐकायचं असतं हे त्यांना कळतं. तात्पर्य निघालं की परत तीच गोष्ट वाचायचं कारण संपतं. बहुतेक वेळा कुणीतरी म्हणतंच, "परत!" वेळ असेल तर तिथंच परत वाचा, या वेळी न थांबता.

दुसरं, तिसरं वाचन

एकच पुस्तक आठवड्यात तीन-चारदा वाचा. मुलं कंटाळत नाहीत, कंटाळतो तो वाचणारा. दुसऱ्या वाचनापासून प्रश्न येऊ द्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की पालकांनी नुसतं वाचण्याऐवजी मध्ये प्रश्न विचारले, मुलाच्या उत्तरात थोडी भर घातली आणि हळूहळू सांगायचं काम मुलाकडे दिलं तर लहान मुलांची बोलण्याची भाषा लवकर वाढते. करायचं असं. चित्रावर बोट ठेवून विचारा, "इथं काय चाललंय?" पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. मूल म्हणालं, "बाळ गप." तुम्ही म्हणा, "हो, बाळ गप झालं, आणि राणू त्याच्याकडे टक लावून पाहतेय." मग त्याला ते परत म्हणायचं तर म्हणू द्या, नाहीतर पुढे. एका जोडपानावर एकच प्रश्न पुरे. होय-नाही उत्तराचे प्रश्न टाळा.

इच्छांच्या पुस्तकात आम्हाला तीन प्रश्न खास उपयोगी वाटतात. राणूनं हे का मागितलं असेल? पिपाणीला नेमकं काय ऐकू गेलं? आणि तिनं दुसऱ्या कुठल्या शब्दांत मागितलं असतं तर? मधला प्रश्न पाच-सहा वर्षांच्या मुलांना फार आवडतो. राणूला बाळ रात्रीपुरतं झोपायला पाहिजे होतं, पिपाणीनं "गप्प" एवढंच ऐकलं. मुलं मग वकिलासारखी शब्द तपासायला लागतात: "आज रात्री, सकाळपर्यंत, आणि हसू ठेवून." हे होऊ लागलं की त्या दिवशी बाकी काही करू नका.

तिसऱ्या वाचनात काम उलटं करा, म्हणजे चित्रं मुलांकडे आणि सांगणारंही मूलच. ते जे सांगेल ते छापील गोष्टीशी जुळलं नाही तरी चालेल.

आता मुलांच्या इच्छा

पुस्तक ओळखीचं झालं की मगच "तुला काय पाहिजे?" हा प्रश्न. आणि तोही तोंडी, सगळ्यांसमोर नको. आधी कागदावर, मग ज्याला सांगायचं त्यानं सांगावं. चित्र काढताना प्रत्येकाचं डोकं आपल्या कागदात असतं, त्यामुळे सायकलींची साथ पसरत नाही.

इच्छांचं झाड करायचं तर साहित्य थोडंच लागतं. कडुलिंबाची किंवा बाभळीखेरीज कुठलीही सुकलेली, दोन-अडीच फुटांची फांद्यांची डहाळी. बाभळीचे काटे नकोत. पाच लिटरची रंगाची रिकामी बादली, तळाला दोन-तीन दगड आणि वर ओली वाळू ठासून. नुसत्या कोरड्या वाळूत डहाळी कलते. पानांसाठी १८० जीएसएमचा रंगीत कार्डशीट. ए-फोर कागद तीनदा निम्म्यावर घडी घातला की आठ तुकडे होतात, प्रत्येक तळहाताएवढा. याहून लहान केलात तर चार वर्षांच्या हातातलं चित्र मावत नाही. कडेपासून बोटभर आत पंच करा, अगदी कडेला केलं तर ओढल्यावर फाटतं. वीत-भर लोकरीचा धागा आधीच गाठ मारून तयार ठेवा. दहा मुलांच्या गाठी मारत बसलात तर अर्धा तास जातो. मुलामागे दोन पानं धरा. पहिलं बहुतेक खेळण्याचं असतं, दुसऱ्यावर मनातलं येतं.

मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत पानाच्या मागे लिहा. "मला आभाळात पोहायचं" असं म्हणालं तर "मला विमानात बसायचं आहे" असं सुधारू नका. पानं लावताना चित्र बाहेर आणि लिहिलेलं आत. ज्याला लावायचं नाही त्यानं खिशात ठेवावं, हे सुरुवातीलाच सांगा. पालकसभेत ही पानं मोठ्यानं वाचू नका, आणि "सगळ्यात छान इच्छा" निवडू नका.

काही मुलं कोरा कागद धरून बसतात. त्यांना "काय पाहिजे" जड जातं, "काय नको" सोपं जातं. नागपूरच्या मुलांना त्यासाठी मारबत हाताशी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाला घालवायचे मोठे पुतळे, मिरवत निघतात, सोबत बडगे नावाचे पुतळे निघतात, आणि लोक ओरडतात, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" मुलांना हे तोंडपाठ असतं. कोऱ्या कागदाच्या मुलाला विचारा, "तुला मारबतीसोबत काय पाठवायचं?" अंधार, डास, इंजेक्शन, दादाचं चिडवणं असं भराभर येतं. या पानांसाठी वेगळा रंग ठेवा. नंतर ती जाळू नका, आपण काढलेलं चित्र जळताना पाहणं लहानांना आवडत नाही. डब्यात बंद करून झाकण लावलं की त्यांचं समाधान होतं.

त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतो. पाचच्या पुढच्या मुलांना विचारा, "बोजारा शेजारच्या काकू देतात, गोळा पिपाणीनं दिला. काकूंना कसं कळतं तुम्हाला काय द्यायचं?" देणारं माणूस पाहतं, विचार करतं, कधी नाही म्हणतं. पिपाणी तसं करत नाही. मुलं हे स्वतः शोधून काढतात, आपण घाई केली नाही तर.

जादू खरी असते का?

जाँ पियाजे यांनी दोन ते सात वर्षांच्या मुलांच्या विचाराची जी पायरी सांगितली आहे, तीत मनातलं आणि बाहेरचं यांच्यातली रेघ पुसट असते. तीन-चार वर्षांच्या पुष्कळ मुलांना मनात धरलेलं खरंच घडतं असं वाटतं. पाच-सहापासून शंका येऊ लागते. म्हणून उत्तर वयानुसार द्या. लहान्याला, "गोष्टीत असते." मोठ्याला, "तुला काय वाटतं? कसं पाहता येईल?" "हो, खरंच असते" असं ठोकून देऊ नका आणि वाचन चालू असताना "असं काही नसतं बरं का" असंही नको.

मुलानं मागितलेली वस्तू दुसऱ्या दिवशी गुपचूप उशाशी ठेवण्याची हौस आईबाबांना असते. ती टाळा. वस्तू द्यायची तर हातात द्या आणि "मी आणली" म्हणा. नाहीतर पुढच्या वेळी न मिळाल्यावर मुलाला वाटतं आपण नीट मागितलं नाही. वर्गात हे अधिकच लागतं, कारण एकाच्या उशाशी खेळणं येतं आणि दुसऱ्याच्या येत नाही.

याच वयात मुलं स्वतःला दोषही देतात. बाळ नको असं मनात आलं आणि बाळाला ताप आला, म्हणजे तो आपल्यामुळे आला. राणूच्या गोष्टीसारखं पुस्तक वाचल्यावर हे बाहेर येऊ शकतं. घरी लहान बाळ असेल तर मुद्दाम कान ठेवा. उत्तर स्पष्ट द्या: "तुझ्या मनात आलं म्हणून बाळाला ताप आला नाही. ताप जंतूंमुळे येतो. बाळाचा राग आला तरी बाळाला काही होत नाही." "असा विचार करू नये" म्हटलं तर भीती तशीच राहते आणि फक्त बोलणं बंद होतं.

कुणी विचारेल, "ताई, पिपाणी वाजवली की माझी आजी परत येईल का?" तेव्हा गोष्टीच्या आडून बोलू नका. "नाही रे बाळा. वारलेलं माणूस परत येत नाही. तुला आजीची आठवण येते ना? काय करायची आजी, सांग." "आजी झोपली" असं म्हणू नका, मूल ते शब्दशः घेतं आणि मग झोपायला घाबरतं. त्याला आजीचं चित्र काढायचं असेल तर तेही इच्छांच्या पानावर काढू द्या.

घरच्या नवसाचा विषयही निघतो: "टेकडीचा गणपती पण पिपाणीसारखा आहे का?" हा प्रश्न त्या त्या घराचा आहे. "हे आपण आईला विचारू" एवढं पुरे, आणि संध्याकाळी आईच्या कानावर घाला, म्हणजे ती तयार असते.

कधी पानावर येतं, "बाबांनी आईला मारू नये." ते सगळ्यांसमोर वाचू नका, चेहऱ्यावर धक्का दाखवू नका, खोदून प्रश्न विचारू नका. "मला सांगितलंस ते बरं केलंस," म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असा शब्द मात्र देऊ नका, तो पाळता येणार नाही. शाळेत मुख्याध्यापकांशी, अंगणवाडीत पर्यवेक्षिकेशी त्याच दिवशी बोला. मुलाला धोका आहे असं वाटलं तर १०९८ हा बालकांसाठीचा मदतीचा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो.

नंतर पुस्तक कुठे ठेवायचं

मुलांच्या हाताला येईल अशा ठिकाणी, मुखपृष्ठ समोर दिसेल असं. कपाटात उभं लावलं तर लहानांना कणा वाचता येत नाही आणि पुस्तक सापडत नाही. जादूचं जोडपान सगळ्यात आधी फाटतं, कारण तेच जास्त उलटलं जातं. फाटलं की त्याच दिवशी जोडा. साधी सेलोटेप वर्षभरात पिवळी पडते आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून शेजारच्या पानाला चिकटतो. दुधी रंगाची, मॅट फिनिशची टेप वापरा, फाटलेल्या कडा आधी नीट जुळवा आणि दोन्ही बाजूंनी लावा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुस्तकं उघडून सावलीत वाळवा, नाहीतर कसर लागते. चित्रांच्या रंगांवर सरळ ऊन नको.